देव होकार विचारतो



नाताळ नुकताच साजरा झाला. गव्हाणीतल्या बाळाला वंदन करताना एक गोष्ट ध्यानात घेऊ या. हे बाळ जगात येण्याआधी देवाने नासरेथसारख्या लहानशा गावातल्या एका मुलीला विचारले. सर्वसमर्थ देवाला नुसती आज्ञा करता आली असती. पण त्याने दूत पाठवला, मरियेला तिची शंका विचारू दिली आणि तिच्या होकाराची वाट पाहिली. पुढे प्रभू येशूनेही तेच केले. आंधळ्या बार्तीमयाला लोक गप्प बसवत होते. प्रभूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि तुझ्यासाठी मी काय करू, हे त्यालाच विचारले.

देव ज्याला विचारतो, त्याला माणसांनी न विचारणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा अपमान आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांनी हा अपमान पिढ्यानपिढ्या सोसला. त्यांची नावेसुद्धा मालकांनी ठेवली. म्हणून १९६६ साली डॉ. मौलाना करेंगा यांनी सुरू केलेल्या 'क्वान्झा' सणात २७ डिसेंबर हा दिवस स्वनिर्णयाचा मानतात. आपली ओळख आपण सांगावी, आपले म्हणणे आपण मांडावे, हा त्याचा अर्थ.

हे आपल्या तळेघर परिसरालाही लागू आहे. डिंभे धरणाचा निर्णय झाला, तेव्हा ग्रामसभेला विचारण्याचा कायदा नव्हता. घोड नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. तरीही लोक हरले नाहीत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत त्यांनी पिके घेतली, जलाशयात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली. एकमेकांच्या उतारावर मिळून भातखाचरे पाडण्याची पडकई तर आपल्या वाडवडिलांचीच रीत.

२४ डिसेंबर १९९६ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, पेसा कायदा अमलात आला. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय झाला पाहिजे, हिरड्यासारख्या गौण वनोपजावर गावाची मालकी असावी, असे तो सांगतो. २०१४ च्या महाराष्ट्राच्या नियमांनुसार वाडी-पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. पोप अकरावे पायस यांनीही १९३१ साली शिकवले, की लहान समूह जे स्वतः करू शकतो, ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये.

पण कायदा आपल्या वतीने बोलत नाही. ग्रामसभेच्या दिवशी आपण कुठे असतो? ठराव वाचून न घेता सही किंवा अंगठा देतो का? घरातल्या बाईला 'तुला काय कळते' म्हणून मागे बसवतो का? ज्या धर्मात तारणाची सुरुवात एका स्त्रीच्या होकाराने झाली, तिथे हे शोभत नाही.

स्वनिर्णय म्हणजे मनमानी नव्हे. मरियेने आधी प्रश्न विचारला, मग देवाची इच्छा मनापासून स्वीकारली. आपणही न भिता विचारू या, शेजाऱ्याचे ऐकू या आणि जे सर्वांच्या, विशेषतः सर्वांत गरिबाच्या हिताचे, त्यालाच होकार देऊ या.

हे प्रभो, आम्हांला बोलण्याचे धैर्य आणि ऐकण्याची नम्रता दे. आमेन.