राखेची साक्ष

मुळशीच्या धरणाखालून वाहत येणारी मुळा पुण्यात मुठेला भेटून पुढे भीमेला मिळते. जुन्नर तालुक्यातील कुकडीही घोड नदीच्या वाटेने त्याच भीमेत विसर्जित होते. आमच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे विरत जातो आणि त्या अवर्षणप्रवण पट्ट्यात नदीकाठी प्राचीन गाळाचे थर उघडे पडलेले दिसतात. कुकडीकाठच्या बोरी गावी अशाच थरांत ज्वालामुखीची राख आढळली आणि तिच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे. राखेचे वय कळले म्हणजे हत्यारांचेही कळेल, अशी अभ्यासकांची आशा होती.

१९८९ साली हे वय सुमारे १४ लाख वर्षे म्हणून प्रसिद्ध झाले. १९९५ साली डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुमारे ६ लाख ७० हजार मांडले. त्याच वर्षी इतर संशोधकांनी राखेतील काचकणांच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. वाद पुढेही चालू राहिला.

मग येथे खोटी साक्ष कोणी दिली? आमच्या मते, कोणीही नाही. आठवी आज्ञा चुकलेल्या आकड्याला पाप म्हणत नाही. आपण हे कशावरून सांगतो, ते लपवून ठामपणे बोलणे, हे पाप होय. या विद्वानांनी आपली पद्धत व तिच्या मर्यादा उघड मांडल्या. म्हणूनच दुसऱ्यांना त्यांची परीक्षा घेता आली.

त्यांची अडचणही समजून घेण्याजोगी आहे. नदी राख उचलते, तीत जुन्या दगडाचे कण मिसळते आणि ती भलत्याच थरावर नेऊन टाकते. वाळूच्या कणाला शेवटचे ऊन केव्हा लागले, यावरूनही थराचे वय काढतात. वाऱ्यावर आलेल्या कणाला ऊन भरपूर मिळालेले असते. गढूळ पुरातून आलेल्याला ते पुरेसे मिळतेच असे नाही, आणि मग तो आहे त्याहून जुना भासतो. म्हणून साक्षीदार कोणत्या वाटेने आला, हे आधी पाहावे लागते.

आपल्या धर्मग्रामात आपण इतकी काळजी घेतो काय? एखाद्या मुलीविषयी कोणी काही बोलते. ते शब्द चार घरांतून वाहत जातात, वाटेत जुने वैर त्यांत मिसळते आणि ठरलेले लग्न मोडते. सांगणारा प्रत्येक जण म्हणतो, आम्ही ऐकले तेच सांगितले. राखेच्या चिमटीसाठी विद्वान वर्षानुवर्षे झटतात. माणसाच्या अब्रूसाठी आपण एक दिवसही थांबत नाही.

विद्वानांत मतभेद आहेत, म्हणून वाटेल ते मानावे, असे मात्र नव्हे. वरील तीन उत्तरांपैकी एकही आर्चबिशप अशर यांनी सृष्टीच्या आरंभासाठी काढलेल्या इ. स. पूर्व ४००४ या वर्षाच्या जवळपास जात नाही. निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने श्रद्धेचे हसे करू नये, असे संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले होते. १९३५ साली येशूसंघीय धर्मगुरू तेयार द शार्दँ भारतात येऊन नर्मदेकाठचे थर न्याहाळत होते. त्यामुळे त्यांची श्रद्धा उणावली नाही.

मुलांनी घरी पृथ्वीचे वय विचारले, तर त्यांना दटावू नये. जे माहीत आहे ते सांगावे, कशावरून तेही सांगावे, आणि माहीत नसेल तेथे तसे म्हणावे. खऱ्या साक्षीचा पहिला धडा तोच आहे.