दिलेला शब्द आणि कापलेला पगार

मोबदला कमी झाला म्हणजे कर्तव्यही त्या प्रमाणात कमी होते काय? नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. गवंड्याला ठरल्यापेक्षा कमी मजुरी मिळाली तर तो हात आखडता घेतो. शिंप्याला शिलाई कमी मिळाली तर टाके विरळ पडतात. हे योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही, पण असे घडते. काही कामांत मात्र हात आखडता घेण्याची सोयच नसते. विमान चालविणे हे त्यांतले एक. चाळीस टक्के पगार कापला म्हणून वैमानिकाला विमान साठ टक्के उतरवता येत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही वैमानिकाचे उदाहरण घेत आहोत.

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हा व्यवसाय खुला झाला, स्पर्धा वाढली आणि भाडी उतरली. पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले आणि मोठमोठ्या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. यूएस एअरवेज २००२ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये, युनायटेड डिसेंबर २००२ मध्ये, डेल्टा सप्टेंबर २००५ मध्ये. डेल्टाच्या वैमानिकांनी तर दिवाळखोरीच्या आधीच, २००४ साली, ३२.५ टक्के पगारकपात मान्य केली होती. कंपनी वाचावी ही त्यांचीही इच्छा होती. तरीही पुढल्या वर्षी दिवाळखोरी आलीच आणि तिच्यामागोमाग आणखी कपात आली.

पगाराची कपात निदान पुढच्या दिवसांची असते. पेन्शनचे तसे नाही. मे २००५ मध्ये न्यायालयाने युनायटेडला आपल्या पेन्शन योजना गुंडाळण्याची परवानगी दिली आणि त्यांचा भार सरकारी विमा महामंडळावर गेला. अमेरिकेच्या इतिहासात पेन्शनचा एवढा मोठा भार कुठल्याही कंपनीने तोवर झटकला नव्हता. महामंडळ देई ती रक्कम मर्यादित होती. त्या वर्षी पासष्टाव्या वर्षासाठी वार्षिक सुमारे ४५,६०० डॉलर, आणि साठाव्या वर्षासाठी सुमारे २९,६०० डॉलर. यातला विरोधाभास असा, की त्या काळी साठ वर्षे पूर्ण होताच वैमानिकाने निवृत्त व्हावे असा सरकारचाच नियम होता. एक कायदा म्हणत होता, साठाव्या वर्षी खाली उतरा. दुसरा म्हणत होता, लवकर उतरलात, म्हणून कमी घ्या. निवृत्तीचे वय पासष्ट झाले ते २००७ च्या डिसेंबरात. तोवर अनेकांचे केस पांढरे होऊन ते घरी बसले होते.

इथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्या महाराष्ट्रातही त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्याने नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये मोठा संपही झाला. ते धोरण योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. पण नोकरीत शिरणाऱ्याला अटी आधी ठाऊक होत्या. युनायटेडच्या वैमानिकाची गोष्ट वेगळी. त्याने तीस वर्षे आपले काम देऊन टाकले होते. पेन्शन ही त्याला मिळणारी खैरात नव्हती, ती मागे ठेवलेली मजुरी होती. घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहान मुलालाही माहीत असते. इथे तर घाम वाळून तीस वर्षे झाली होती.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तिजोरीत पैसाच नसेल तर तो आणणार कुठून? बुडत्या जहाजातून सामान फेकावेच लागते. आम्हांला हे मान्य आहे. ज्याला खरोखर देणे अशक्य आहे, त्याला दगाबाज म्हणता येत नाही. पण मग प्रश्न उरतो तो असा, की कोणाचे सामान फेकले आणि कोणाचे राखले? अमेरिकन एअरलाइन्सने २००३ मध्ये दिवाळखोरी टाळण्यासाठी कर्मचाऱ्यांकडून वर्षाला १८० कोटी डॉलरची सवलत मागितली. त्यातला ६६ कोटींचा वाटा वैमानिकांचा होता. संघटनांनी मतदान घेतले. त्यानंतर उघड झाले, की वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी कंपनीत टिकून राहण्याचा बोनस ठरलेला होता आणि त्यांची पेन्शन सुरक्षित राहावी म्हणून वेगळा निधीही बाजूला ठेवलेला होता. ओरड झाली, बोनस मागे घ्यावा लागला, प्रमुख डॉन कार्टी यांना एप्रिलमध्ये पद सोडावे लागले. कर्मचाऱ्यांना राग पैशाचा कमी आणि लपवाछपवीचा जास्त होता. घेताना भरून माप घेणे आणि देताना कमी मोजणे, याला आपल्याकडे फार जुने आणि फार कडक शब्द आहेत. ते फक्त धान्याच्या दुकानदारापुरते आहेत असे समजण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, वैमानिक म्हणजे काही उपाशी माणूस नव्हे. कपातीनंतरही त्याचा पगार शिक्षकापेक्षा, परिचारिकेपेक्षा जास्तच. मग त्याच्यासाठी अश्रू कशाला? हा आक्षेप खोटा नाही, पण त्यात रहम आणि इन्साफ यांची गल्लत होते. रहम करताना गरज बघावी, आधी भुकेल्याला द्यावे. इन्साफ करताना हक्क बघावा. श्रीमंताचा बुडवलेला पैसाही बुडवलेलाच असतो. शिवाय सगळेच वैमानिक सुखवस्तू होते हेही खरे नाही. मोठ्या कंपन्यांची छोटी उड्डाणे करणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांत तरुण वैमानिकांचे पगार फारच थोडे असत. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ अशाच एका कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे गेली. तपासात मुख्य कारण निघाले ते कॅप्टनने धोक्याच्या इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद. पण सुनावणीत त्यांच्या जगण्याची रीतही उजेडात आली. सहवैमानिक तरुणी सिएटलच्या बाजूला आईवडिलांकडे राहत होती, आणि कामावर हजर होण्यासाठी रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूअर्कला आली होती. कमी पगारामुळेच विमान पडले असे म्हणता येणार नाही. पण थकलेल्या माणसाच्या हाती आपण काय सोपवतो, हा प्रश्न त्या दिवसापासून टाळता येईनासा झाला.

त्याच वर्षी, बरोबर चार आठवडे आधी, चेस्ली सलनबर्गर यांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवले. १५५ जण वाचले. बाहेर पडण्यापूर्वी ते पाणी शिरलेल्या विमानात दोनदा फिरून कोणी राहिले नाही ना हे पाहून आले. पुढच्या महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितले, की माझा पगार चाळीस टक्के कापला गेला आहे, पेन्शन गेली आहे, आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात यावे असे वाटणारा एकही वैमानिक मला माहीत नाही. सारे जग कौतुक करत असताना त्यांनी हे सांगितले, याचे आम्हांला मोल वाटते.

आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या घटनेत आहे असे वाटते. त्या दुपारी सलनबर्गर कंपनीचे देणे फेडत नव्हते. मागे बसलेली माणसे ही त्यांच्याकडे सोपवलेली अमानत होती. पगार कंपनी देते, कर्तव्य मात्र प्रवाशाचे लागते. म्हणून कंपनीने शब्द मोडला तरी कर्तव्य मोडत नाही. पण हे उत्तर इथेच थांबवणे धोक्याचे आहे. जो माणूस काम अर्धे करूच शकत नाही, त्याचा पगार कापणे सर्वांत सोपे, हे मालकाला पक्के ठाऊक असते. २०१९ मध्ये आपल्याकडे जेट एअरवेजच्या वैमानिकांना जानेवारीपासून पगार मिळाला नव्हता, तरी १७ एप्रिलला कंपनीची सेवा थांबेपर्यंत ते विमाने उडवत होते. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ३,००० रुपये मानधन होते. त्यांनी बाराखडी अर्धी शिकवली नाही. सचोटीच्या माणसाची सचोटी ही त्याच्याविरुद्धच वापरली जाते, तेव्हा ती जुलमाची भागीदार होते की काय, अशी शंका येते.

आम्हांला वाटते, तसे होऊ नये याचा मार्ग कर्तव्य सोडण्यात नाही. तो बोलण्यात आहे. अमानत पाळावी आणि हिशेबही मागावा. संघटना करावी, साक्ष द्यावी, वेळ आल्यास उड्डाणापूर्वी नकार द्यावा, पण आकाशात गेल्यावर नव्हे. आणि या हिशेबात आपणही येतो. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला जहाज जात होते, आता सारे विमानाने जातात. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखाती देशांतल्या रोजीवर पेटते, आणि स्वस्त तिकिटामुळेच मुलगा ईदला किंवा बापाच्या मयतीला घरी पोहोचू शकतो. स्वस्त तिकीट ही वाईट गोष्ट नव्हे. पण ते कोणाच्या पानातून स्वस्त झाले, एवढे विचारण्याची जबाबदारी ते घेणाऱ्यावर राहते.

काळ फिरतो. कोविडनंतर वैमानिकांचा तुटवडा पडला आणि २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत मिळून सुमारे ३४ टक्के वाढ देणारा करार केला. तरुण वैमानिकांना त्याचा फायदा झाला, याचा आनंदच आहे. पण २००५ मध्ये साठ वर्षांच्या असलेल्या वैमानिकाच्या हाती त्यातले काही आले नाही. बाजार पगार पुन्हा वाढवू शकतो. मोडलेला शब्द मात्र ज्याला दिला होता त्याच्या हयातीतच पुरा करावा लागतो.