शुश्रूषा

दुधापेक्षा दुधावरची साय प्रिय, ही म्हण मराठी घरांत नातवंडांच्या संदर्भात इतक्यांदा उच्चारली जाते की तिच्या अर्थाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. म्हणीचा रोख लाडाकडे आहे. मुलाला वाढवताना असतो तो धाक, ती उद्याची चिंता नातवंडाच्या बाबतीत आईबापांवर सोपवून आजीआजोबांना निव्वळ प्रेम करता येते. म्हणून साय गोड. परंतु हेच नातवंड रुग्णालयाच्या खाटेवर आठवडेच्या आठवडे पडून राहिले, म्हणजे म्हण अपुरी पडते. तेथे लाडाला वाव नसतो. खाऊवर बंधन असते, खेळावर बंधन असते, कडेवर घेऊन फिरवणेही सलाइनच्या नळीने अडवलेले असते. निर्णय डॉक्टरांचा, संमतीची सही आईबापांची आणि वेदना मुलाची. या तिघांत चौथ्या, वयोवृद्ध माणसाचे काम काय? ज्याला बरे करता येत नाही, त्याच्या नुसत्या बसून राहण्याला काही नैतिक मोल आहे, की ते केवळ त्याचे स्वतःचे समाधान आहे?

जयपूरसारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले जे. के. लोन हे मुलांचे रुग्णालय या शहरात आहे, आणि राजस्थानच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून तेथे मुले आणली जातात. अशा ठिकाणी मूल दाखल होते, म्हणजे एका अर्थी सारे घर दाखल होते. बापाला रोजगार सोडता येत नाही, आई धाकट्या भावंडात अडकलेली असते. मग उशाशी उरते ती दादी किंवा नानी. नोकरीनिमित्त जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली आजी याच कामासाठी नागपुराहून किंवा पुण्याहून येते. तिची हिंदी तोकडी असते, औषधांची नावे तिला उच्चारता येत नाहीत. पण नातू परिचारिकेशी हिंदीत बोलतो आणि रात्री दुखू लागले की मराठीत हाक मारतो, तेव्हा त्या हाकेला त्याच भाषेत ओ देणारे कुणी जवळ असणे ही लहान गोष्ट राहत नाही.

ती लहान नाही, हे पटवून द्यायला पश्चिमेकडे पुष्कळ झगडावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील अनेक रुग्णालयांत मुलांना भेटण्याची मुभा आठवड्यातून थोड्याच वेळापुरती असे. आई भेटून गेली की मूल रडते, तेव्हा भेट नसलेलीच बरी, असा युक्तिवाद केला जाई. लंडनमध्ये जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक चित्रपट केला. शहाण्यासारखे गप्प बसलेले मूल सावरलेले नसून खचलेले असते, हे त्यांचे सांगणे होते. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटीवरील बंधने काढावीत आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे नातेवाईक पहिल्यापासूनच खाटेजवळ आहेत, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तो तपासून घ्यावा. सार्वजनिक रुग्णालयात ते असतात ते आपल्या कुटुंबभावनेमुळे, तसेच परिचारिकांची संख्या पुरेशी नसल्यामुळेही. तपासणीचे कागद नेणे, औषध आणणे, रात्री सलाइनवर नजर ठेवणे ही कामे म्हाताऱ्या माणसावर येऊन पडतात. गरजेलाच संस्कृती म्हणून गौरवणे ही एक प्रकारची आत्मवंचना आहे. जी आजी जमिनीवर चादर टाकून झोपते, तिला चांगली जागा मिळावी ही मागणी तिच्या प्रेमाचा अवमान करीत नाही.

उशाशी बसलेल्या वृद्धाच्या मनात येणारा पहिला विचार बहुधा एकच असतो: याचे दुखणे मला येवो. जयपूरहून फार दूर नसलेल्या आग्र्यात १५३० साली आजारी हुमायूनच्या शय्येभोवती बाबराने प्रदक्षिणा घातल्या आणि आपला प्राण देऊ केला, अशी कथा आहे. आपल्या पुराणातला ययाती नेमके उलट करतो. तो मुलाकडे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. या दोन कथांमध्ये बाबर आपल्याला आपला वाटतो, कारण आयुष्याचा हिशेब वयाच्या क्रमाने मिटावा अशी आपली धारणा आहे. पण हा सौदा स्वीकारणारे कुणी नसते. शिवाय मुलाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक गैरसोय आहे. जो स्वतःच्या मरणाचा विचार करीत बसला, त्याचे लक्ष मुलावरून उडते. मुलाला आजोबांचा प्राण नको असतो. ते जागे असावेत, गोष्ट कुठे थांबली होती ते त्यांच्या ध्यानात असावे, एवढेच हवे असते. पुरूने वर्षे दिली. आजोबांना दुपारी द्यायच्या असतात, आणि त्या त्यांच्याजवळ खरोखरच असतात.

त्याहून अवघड प्रश्न सत्याचा आहे. "उद्या घरी जाऊ" हे वाक्य कोणत्याही वॉर्डात ऐकू येते. त्यामागची करुणा खोटी नसते. वाक्य मात्र खोटे असते. आठ दिवसांच्या आजारात ते खपून जाईल. रक्ताच्या कर्करोगासारख्या दुखण्यात उपचार दोन-तीन वर्षे चालतो, आणि रुग्णालयात पुनःपुन्हा यावे लागते. तेथे पाचव्यांदा ऐकलेले "उद्या" मुलाला एवढेच शिकवते की मोठ्यांच्या शब्दाला वजन नसते. मग "ही सुई थोडीच दुखेल" यावरही त्याचा विश्वास बसत नाही, आणि भीतीच्या वेळी धरायला हाती काही उरत नाही. म्हणून आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये; हातात आहे त्याचे द्यावे आणि ते पाळावे. "घरी केव्हा जायचे ते मला ठाऊक नाही, पण तू उठशील तेव्हा मी इथे असेन." हे वचन लहान आहे, पण ते खरे करता येते.

मूल कधीतरी विचारते, "मलाच का?" आपल्या परंपरेत याला तयार उत्तरे आहेत: प्रारब्ध, पूर्वजन्म, देवाची इच्छा. प्रौढ माणसाने स्वतःच्या दुःखाला असे नाव द्यावे, त्याला बळ मिळत असेल तर मिळावे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र हे उत्तर देणे म्हणजे आजाराच्या जोडीला अपराधही देणे होय. निरपराध मुलाच्या वेदनेवर उभारलेली विश्वाची व्यवस्था दोस्तोयव्हस्कीचा इव्हान नाकारतो, आणि त्याला समर्पक उत्तर अद्याप कुणी दिलेले नाही. तत्त्वज्ञांना सापडले नाही ते आजीने सांगावे अशी अपेक्षा नाही. "तुझे काही चुकलेले नाही" एवढे तिने सांगितले तरी पुष्कळ आहे.

आणि म्हणीतल्या दुधाचे काय? खाटेपलीकडे जी तरुण आई किंवा तरुण बाप उभा असतो, तोही कुणाचे तरी मूलच असतो. सायीकडे पाहताना दूध उतू जात आहे हे आजीआजोबांना दिसले पाहिजे. सल्ला देणे, सुनेला बोल लावणे, आपल्या काळच्या औषधांचा आग्रह धरणे, हे सारे टाळून "तू आता चार तास झोप, मी बसते" असे म्हणणे ही वृद्धांची मोठी मदत आहे. त्यांचे दुःख दुहेरी असते, आणि त्यांचे कर्तव्यही.

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे; सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. जयपूरने या अर्थाचे एक उदाहरण जगाला दिले आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडवला, तो ऐकण्यातून घडला. परदेशी पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. येथल्या माणसाला मांडी घालायची होती, उकिडवे बसायचे होते, शेतात अनवाणी चालायचे होते. वाढत्या मुलाला तर असा पाय पुनःपुन्हा बदलून घ्यावा लागतो. विज्ञानाला ऐकावे लागते, तसे सोबत करणाऱ्यालाही. १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये औषधाने तात्पुरता उतार पडल्याचे प्रसिद्ध केले; ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आले होते. त्यापूर्वी उशाशी बसणे एवढेच शक्य होते. औषध आले, अनेक मुले वाचू लागली, आणि तरीही बसणाऱ्याचे काम संपले नाही, उलट लांबले.

तेव्हा सोबतीचे मोल तिच्या परिणामाने मोजता येत नाही. मूल बरे झाले तर ते औषधाने झाले असे म्हणावे, आणि ते योग्यच होईल. परंतु बरे होईपर्यंतचे दिवसही त्या मुलाच्या आयुष्याचेच दिवस असतात. ते नुसते वाट पाहण्यासाठी नसतात. त्या दिवसांत त्याचे म्हणणे ऐकणारे कुणी होते की नव्हते, याने त्या आयुष्यात फरक पडतो. तो फरक करणे आजीआजोबांच्या आवाक्यात असते.