रीतिभूतकाळातली बाग

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. या वाक्यातला साधा भूतकाळ पंचनाम्याच्या कामाचा आहे. त्याला साल लागतं, झाडांची संख्या लागते. पण त्याआधी शेतकरी दर हिवाळ्यात बागेला ताण देई, पानगळ होई, मग पाणी सोडून तो आंबे बहार धरी. वर्षानुवर्षांचं हे करणं कुठल्या रकान्यात भरायचं?

एकदा घडून गेलेलं की नेहमी घडणारं, ही निवड स्पॅनिश बोलणाऱ्याला दरवेळी करावीच लागते. ‘रेगो’ म्हणजे त्याने पाणी दिलं, काम झालं. ‘रेगाबा’ म्हणजे तो पाणी देत असे. या दुसऱ्या काळाची रूपं फार सरळ आहेत. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘आबा’, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘ईआ’: रेगार–रेगाबा, कोमेर–कोमीआ, विविर–विवीआ. नियम मोडणारी क्रियापदं सगळी मिळून तीन. घडून गेलेल्या गोष्टीच्या भूतकाळात मात्र अपवादांची गर्दी.

मराठीत सवयीच्या या भूतकाळाला रीतिभूतकाळ म्हणतात, आणि त्याच्याही ‘बसे’ आणि ‘करी’ अशा दोन तऱ्हा आहेत. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. ‘त्याने बाग तोडली’ म्हणताना माणसाला ‘ने’ लागतो आणि क्रियापद बागेच्या मागे जातं. ‘तो बाग राखी’ म्हणताना माणूस कर्ता म्हणून ताठ उभा असतो, क्रियापद त्याचं ऐकतं. सवयीत माणूस पुरता दिसतो. घटनेत बाग दिसते.

शेतात आज कुणी ‘देई’ म्हणत नाही. ‘द्यायचो’, ‘धरायचो’ म्हणतात. जुन्या मराठीत तर हीच ‘देई’, ‘करी’ रूपं वर्तमानाची होती. याच जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या रामदासांच्या लेखनात ‘करी’ म्हणजे करतो. ‘खाई त्याला खवखवे’ या म्हणीत तो वर्तमान अजून टिकून आहे.

बाग वाळली की झाड जातं, तसं हे ‘करतो’ही जातं, त्याचं ‘करायचो’ होतं. नवं कलम लावलं तरी विकण्याजोगं फळ यायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर आळी करणं, खत घालणं, पाणी देणं चुकत नाही. नुकसान समजून घ्यायला बांधावर जाणाऱ्याने किती झाडं वाळली हे जरूर विचारावं. पण त्याआधी विचारावं, तुम्ही या बागेत काय काय करायचात?