महाबळेश्वरची लांबी

पावसाळ्यात सातारा-सांगलीकडे सकाळी तीन नावं हमखास वाचली जातात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. १०५.२५ टीएमसी क्षमतेचं कोयना धरण किती भरणार, याचा अंदाज तिथल्या पावसावरून बांधतात. या तीन गावांच्या पावसाचा तक्ता सी भाषेतल्या साध्या प्रोग्रामने टर्मिनलवर छापून पाहावा. नावाला २० घरं राखली, पुढे मिलिमीटर. नवजाच्या पुढे जागा सुटते. उरलेल्या दोन नावांना आकडा थेट चिकटतो.

मोकळ्या जागांऐवजी टिंबं छापली की दोष उघडा पडतो. नवजापुढे ८ टिंबं, इतरांपुढे एकही नाही. प्रोग्राम बाइट मोजत होता आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. नवजा १२, कोयनानगर २४, महाबळेश्वर ३०.

मग बाइट सोडून चिन्हं मोजावीत, तर महाबळेश्वर १० भरतं. टर्मिनलवर कोणत्या चिन्हाला किती घरं, हे ठरवणाऱ्या मार्कुस कून यांच्या प्रसिद्ध नियमाने मात्रेला आणि हलन्ताला जागा नाही, कान्याला मात्र आहे, म्हणून ८. युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीने जोडाक्षर अखंड धरलं, त्या हिशेबाने ६.

हे सहा पाहून मला फार आनंद होतो. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोठ्या अभंगात हे नाव नेमकं एक चरण भरेल, कारण तिथेही ‘श्व’ एकच. मात्रावृत्तात ते आठ मात्रांचं. दोन्ही मोजण्या खऱ्या, कारण छंद कोणता हे रचणाऱ्याला आणि म्हणणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. टर्मिनलमध्ये हा करारच नाही. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलच्या पडद्यावर ८० रकाने, २४ ओळी आणि रोमन लिपी होती. एक बाइट, एक अक्षर, एक घर. विचारायची गरजच पडली नाही. आज प्रोग्राम स्वतःशी मोजतो, टर्मिनल स्वतःशी, आणि तफावत रकान्यात दिसते.

म्हणून टर्मिनललाच विचारावं. नाव छापून झालं की कर्सर कुठे आहे ते विचारणारी आज्ञा पाठवता येते. ओळ आणि रकाना उत्तरात येतात. त्याहून बरं म्हणजे मोकळ्या जागा न छापता कर्सरला थेट २१व्या रकान्यात पाठवणं. पडद्यावर आकडे एका रेषेत येतात. तोच मजकूर फाइलमध्ये साठवला की ती उडी निरर्थक ठरते. कोविद गोयल यांच्या ‘किटी’ टर्मिनलने २०२५ मध्ये नाव किती घरांचं हे प्रोग्रामलाच सांगू देण्याची सोय केली. हाच खरा करार, पण तो इतर टर्मिनलांनीही पाळायला हवा.

तोवर आकडे आधी आणि गावं शेवटी छापली, तर काहीच मोडत नाही. मला ही तडजोड पटत नाही. पाऊस कुठे पडला हे आधी वाचायचं असतं, किती ते नंतर.