चौथे ऋण

माणूस जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. यांपैकी पहिली तीन घराघरांत ठाऊक आहेत. तैत्तिरीय संहितेने तीनच मोजली आणि तीच रूढ झाली. चौथे मागे पडले. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, मनुष्यऋण माणसांना आसरा आणि अन्न देऊन. दंतवैद्यकात उद्याचे संशोधक घडवताना नेमके हे चौथे ऋण विसरले जाते, असे मला वाटते. एमडीएसच्या विद्यार्थ्याला प्रबंधाशिवाय पदवी नाही. बीडीएस करणाऱ्यालाही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या विद्यार्थी-योजनेतून दोन महिन्यांचे संशोधन करता येते. नमुना किती घ्यावा, आकडेवारी कशी तपासावी, हे सारे शिकवले जाते. मात्र ज्याने तोंड उघडून आपल्याला ती माहिती दिली त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न संमतीपत्रावरच्या सहीपाशी संपतो.

तो तिथे का संपू नये, हे मुंबईतल्याच कामावरून कळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखकर्करोगाच्या अभ्यासाचा पाया घातला. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या त्यांच्या पाहणीचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या पुढाकाराने १९९१ ते १९९४ या काळात मुंबई शहरात घरोघर जाऊन पस्तिशी ओलांडलेल्या ९९,५७० जणांची नोंद झाली. तंबाखू आणि मिश्री वापरणाऱ्यांमधले मृत्यूचे वाढलेले प्रमाण त्यातून समोर आले. या पाहणीत मतदार याद्या वापरल्या होत्या, आणि उच्च मध्यमवर्गीय व श्रीमंत वस्तीची गृहसंकुले सुरक्षेच्या अडचणीमुळे वगळावी लागली होती. हा तपशील निबंधात प्रामाणिकपणे नोंदवलेला आहे. तो पद्धतीतली मर्यादा म्हणून वाचला जातो; मला त्यात नीतीचा प्रश्न दिसतो. ती पाहणी उपनगरांतली नव्हती, पण आज घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आणि मुलुंडच्या एखाद्या टॉवरमध्ये असेच काम करायला निघालो, तर कोणते दार उघडेल हे सांगायला नको. म्हणजे ज्ञान सर्वांच्या उपयोगाचे, पण ते ज्यांच्याकडून मिळते ते बहुतेक दार बंद करू न शकणारे लोक. शतपथाच्या हिशेबात इथे यजमान तो दार उघडणारा रहिवासी आहे आणि संशोधक पाहुणा. ज्याला ऋण फेडायचे, त्यानेच पाहुणचार घेतलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की, संशोधन हेच फेडणे आहे. आजचा अभ्यास उद्या हजारोंचे तोंड वाचवतो. यात तथ्य आहे, पण हा हिशेब ऋषिऋणाचा. ज्ञानात भर घालून ज्ञानाची परतफेड होते. साठीच्या ज्या बाईने मिश्रीने काळवंडलेल्या हिरड्या दाखवल्या, तिला त्यातले काहीच मिळालेले नसते. एका सावकाराचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तपासता तपासता उपचार किंवा सल्ला दिला, तर जे मोजायचे तेच बदलते. शिवाय उपचाराच्या आशेने गरीब माणूस होकार देतो आणि संमतीच मलिन होते. त्याचे उत्तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच दुसऱ्या कामात सापडते. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या सुमारे ३६,००० तंबाखूसेवींना दरवर्षी तपासून, समजावून तंबाखू सोडायला प्रवृत्त केले गेले. तोंडातले पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण त्यामुळे घटले, आणि हा निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तिथे परतफेड अभ्यासाला मारक ठरली नाही, तीच अभ्यासाचा विषय झाली. प्रत्येक अभ्यास असा रचता येणार नाही, हे मान्य. पण चट्टा दिसला तर त्या माणसाला राजावाडीत, कूपरमध्ये किंवा टाटा रुग्णालयात कुठे, केव्हा जायचे ते लिहून देण्याने कुठलीही आकडेवारी बिघडत नाही. आमिष होकाराआधी दाखवतात. परतफेड नंतरची, आणि ती नकार देणाऱ्या शेजाऱ्यालाही मिळू शकते.

उरला वेळेचा प्रश्न. विद्यार्थी-योजनेच्या दोन महिन्यांत वीस-बावीस वर्षांच्या मुलाने काय फेडावे? आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनाचा लाभ सहभागींपर्यंत पोहोचवण्याचा मुद्दा आहेच. तो मार्गदर्शक प्राध्यापकाने पहिल्या दिवशी शिकवावा. मोठी वैद्यकीय सेवा विद्यार्थ्याच्या हातात नसते. निष्कर्ष मराठीत, हिंदीत, एका पानावर लिहून त्याच गल्लीत परत जाऊन वाचून दाखवणे मात्र असते. ते करताना ऐकणाऱ्या लोकांचे जे प्रश्न येतात, त्यांतून त्याला स्वतःच्या प्रश्नावलीतल्या त्रुटी कळतात. चांगला संशोधक घडण्यासाठी याहून परिणामकारक धडा मला माहीत नाही. म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि दंत महाविद्यालयांतल्या मार्गदर्शकांना विनंती आहे: सहभागींना परत दिलेले ते एक पान जोडलेले नसेल, तर कोणताही प्रबंध स्वीकारू नका.