फलकावरचे चेहरे

निवडणूक जवळ आली की आमच्या डीटीपीच्या दुकानात संगणकाला उसंत नसते. कोरलड्रॉ उघडायचं, मागच्या खेपेची फाइल घ्यायची, पक्ष बदलला असेल तर रंग बदलायचा. तेवढं सोपं असतं. खरी डोकेदुखी चेहऱ्यांची! साहेब केवढे, दादा केवढे, इच्छुक कोणत्या कोपऱ्यात, हे कार्यकर्ते माझ्या पाठीशी उभे राहून इंचाइंचानं ठरवतात. मजकुराचं विचारलं, तर उत्तर येतं, ‘टाका काहीतरी विकासाचं.’

विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. देवनागरी अक्षर पडद्यावर नीट बसावं म्हणून या माणसानं वर्षानुवर्षं कष्ट घेतले. आणि आम्ही फ्लेक्सवर तेच अक्षर चेहऱ्यांमधल्या फटीत कोंबतो. यात सॉफ्टवेअरचा काय दोष? ते सांगू तेवढंच करतं. दोष गिऱ्हाइकाचा, आणि बिलासाठी मान डोलावणाऱ्या आम्हा कलाकारांचाही.

मजकुरातली एक ओळ मात्र कुणाला टाळता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी पत्रक हाती आलं, की चेहरे राहू द्या. आधी ती बारीक ओळ शोधा.